पलीकडून आलेली तार

उलट्या बाजूने! बंद पडलेल्या रक्तवाहिनीत पुढून शिरता येत नसेल, तर डॉक्टर वळसा घालून तिच्या पलीकडच्या टोकाशी जातात आणि तिथून ती उघडत येतात. छाती न उघडता, पूर्ण भूल न देता, पेशंट टक्क जागा असताना. हे कळल्यापासून मी दिसेल त्याला सांगत सुटले आहे. स्टाफरूममध्ये सांगून झालं. जव्हार-नाशिक एसटीत शेजारच्या अनोळखी बाईंना सांगून झालं, त्या बिचाऱ्या त्र्यंबकला उतरल्या. आता घरात मी 'हृदय' म्हटलं की मुलगा कानात हेडफोन घालतो. तेव्हा आता तुमची पाळी.

माझे मामा मोखाड्याला किराणा दुकान चालवतात. साठी ओलांडलेली, अंगाने काटक, आणि डॉक्टरची पायरी चढणं म्हणजे हार मानणं अशी ठाम समजूत. पावसाळ्यानंतर त्यांना दुकानामागचा चढ चढताना छातीवर दडपण येऊ लागलं. डावा खांदा भरून यायचा, घाम फुटायचा, जरा थांबलं की सगळं ओसरायचं. मामांचं निदान गॅस, उपाय ओवा आणि सोडा. मामींनी अखेर मला फोन केला, "तू शिकवतेस ना ते शरीराबिरीराचं, मग तूच सांग त्यांना." मी जव्हारच्या शाळेत विज्ञान शिकवते. शरीराबिरीराचं म्हणजे फळ्यावर हृदयाचे चार कप्पे काढते, निळा आणि लाल खडू वापरते, बाण दाखवते. एवढ्या भांडवलावर मी मामांना दटावलं आणि पतंगशाह कुटीर रुग्णालयात नेलं. तिथे ईसीजी निघाला आणि पुढे जायला सांगितलं. आमच्याकडे 'पुढे' म्हणजे नाशिक, ठाणे-मुंबई, नाहीतर गुजरातच्या अंगाला सिल्वासा-वलसाड. मामेभाऊ नाशिकला राहतो, म्हणून नाशिक.

अँजिओग्राफी झाल्यावर डॉक्टरांनी आम्हा दोघांना काचेपलीकडच्या खोलीत बोलावलं आणि पडद्यावर मामांचं हृदय लावलं. "उजवी रक्तवाहिनी शंभर टक्के बंद आहे. आजची नाही, जुनी आहे. काही महिने तरी झालेत, कदाचित वर्षंसुद्धा."

मामेभाऊ मटकन खुर्चीत बसला. माझ्या डोक्यात मात्र भलताच किडा वळवळायला लागला. शंभर टक्के बंद, मग मामा चालतेबोलते कसे? मी तसंच विचारलं. डॉक्टर तरुण होते. ते एकदम खुलले. "ताई, हेच तर बघण्यासारखं आहे. आता मी फक्त डावीकडे डाय सोडलेली क्लिप लावतो. उजवीकडे काहीच सोडलेलं नाही. नीट बघा हं."

पडद्यावर डावी रक्तवाहिनी काळी झाली, फांद्या फुटल्या, हृदयाच्या ठोक्याबरोबर सगळं झाड हललं. दोन-तीन ठोके गेले. मग हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्यातून केसासारख्या नागमोडी रेषा उमटल्या, एक, दोन, चार, आणि त्या जिथे पोचल्या तिथे हळूहळू काळा रंग भरायला लागला. ती उजव्या रक्तवाहिनीची शेपटी होती! बंद जागेच्या पलीकडची. तिच्यात रक्त येत होतं, पण खालून वर, उलटं, शेजारणीकडून उसनं आणलेलं. मामांच्या हृदयाने कुणालाही न विचारता स्वतःच्या आडवाटा तयार केल्या होत्या. डॉक्टरांच्या भाषेत कोलॅटरल. या वाटा बहुतेकांच्या हृदयात जन्मापासून असतात, पण अगदी बारीक, झोपलेल्या. मुख्य वाहिनी हळूहळू अरुंद होत गेली की दोन बाजूंच्या दाबात फरक पडतो, त्या दाबाने या वाटा रुंदावत जातात. म्हणून एकदम बंद पडलेली वाहिनी माणसाला घेऊन जाते आणि सावकाश बंद पडलेली कधीकधी नुसती दम लावते. बसल्या जागी आडवाटेचं रक्त पुरतं, चढ चढताना पुरत नाही. मामांचा 'गॅस' दुकानामागच्या चढावरच का यायचा, ते तिथे उभ्याउभ्या मला समजलं. खरं सांगायचं तर त्या क्षणी मला मामांची काळजी वाटायच्या आधी टाळी वाजवावीशी वाटली.

तीन महिने किंवा त्याहून जास्त काळ पूर्ण बंद असलेल्या अशा वाहिनीला डॉक्टर सीटीओ म्हणतात. अँजिओप्लास्टीतला हा सगळ्यात हट्टी प्रकार. साध्या ब्लॉकमध्ये फट असते, तिच्यातून तार जाते, तारेवरून फुगा, फुग्यावरून स्टेंट. इथे फटच नाही. वरच्या तोंडाशी टणक टोपी बसलेली, तिच्यात कॅल्शियम, आत तंतूंचा गाळ, आणि पुढे वाहिनी कुठे वळते ते दिसत नाही, कारण तिथवर डाय पोचतच नाही. किती अवघड जाणार याचा अंदाज बांधायला जपानी डॉक्टरांनी २०११ मध्ये एक पाच गुणांचा तक्ता काढला. कॅल्शियम आहे का, आत वाकण आहे का, तोंड बोथट आहे का, लांबी २० मिलिमीटरच्या वर आहे का, आधी कुणी प्रयत्न करून सोडून दिलं आहे का. प्रत्येक 'हो'ला एक गुण. इथे जितके गुण जास्त तितकी अडचण जास्त! माझ्या विद्यार्थ्यांना ही परीक्षा फार आवडेल.

मग मामांसाठी पर्याय काय? औषधं, बायपास किंवा ही अवघड अँजिओप्लास्टी. डॉक्टरांनी आधी इको करून बघितलं की त्या बाजूचा स्नायू जिवंत आहे का, कारण मेलेल्या स्नायूला रक्त पोचवून उपयोग नसतो. स्नायू जिवंत निघाला. बाकीच्या वाहिन्या बऱ्या होत्या. गोळ्या सुरू करूनही चढावरचं दडपण जाईना. तेव्हा अँजिओप्लास्टीचं ठरलं.

आता तो प्रकार. आमच्याकडे पावसाळ्यात तोरंगण घाटात दरड आली की मोखाड्याचा माणूस काय करतो? खोडाळा, विहीगाव, कसारा, इगतपुरी, नाशिक असा भलामोठा फेरा मारून त्र्यंबककडून त्याच दरडीच्या वरच्या अंगाला येतो. डॉक्टरांनी अगदी हेच केलं. मामांच्या मनगटातून एक नळी डाव्या वाहिनीच्या तोंडाशी, जांघेतून दुसरी नळी उजव्या वाहिनीच्या तोंडाशी. दोन्हीकडून एकाच वेळी डाय, म्हणजे बंद जागेची अलीकडची आणि पलीकडची, दोन्ही टोकं पडद्यावर दिसतात. आधी सरळ पुढून प्रयत्न. टोपी ढिम्म हलेना. मग डावीकडून तार आत, मधल्या पडद्यातल्या त्याच नागमोडी आडवाटेने, उजव्या वाहिनीच्या शेपटीत, आणि तिथून वर, बंद जागेच्या पाठीशी. खालच्या बाजूची टोपी बऱ्याचदा वरच्या टोपीपेक्षा मऊ असते. सगळी गंमत त्यात आहे.

मी अर्थातच बाहेर बाकावर होते. हे सगळं मी नंतर रेकॉर्डिंगवर पाहिलं, आणि तंत्रज्ञांना इतके प्रश्न विचारले की शेवटी त्यांनी मला एक वापरून झालेली, निर्जंतुक केलेली तार हातात धरायला दिली. ०.०१४ इंच, म्हणजे साधारण ०.३६ मिलिमीटर. सीटीओसाठीच्या काही तारांचं टोक तर ०.२३ मिलिमीटरपर्यंत निमुळतं होत जातं. मी ती दोन बोटांत धरली आणि मागच्या टोकाला फिरवली. पुढचं टोक तितकंच फिरलं, तसूभर कमी नाही की उशीर नाही! दीड मीटरपेक्षा लांब तार, मध्ये वळणं, आणि तरी एका टोकाचा पीळ दुसऱ्या टोकाला जसाच्या तसा पोचतो. त्यासाठी तारेवर एक छोटी प्लॅस्टिकची मूठ बसवतात, तिला टॉर्कर म्हणतात, आणि डॉक्टर ती अंगठा नि तर्जनीत धरून फिरवतात. किती? तंत्रज्ञ म्हणाले, "मॅडम, कधीकधी पाव फेरासुद्धा जास्त होतो." तारेच्या टोकाचा कडकपणा ग्रॅममध्ये मोजतात, म्हणजे किती भार दिल्यावर टोक वाकतं ते. मऊ तार अर्ध्या-पाऊण ग्रॅमला वाकते, टणक टोपी फोडायची तार बारा ग्रॅमपर्यंत तग धरते. आडवाटेतून जाताना मऊ, टोपीशी कडक, परत मऊ. तारा बदलत राहायचं, आणि त्या बदलता याव्यात म्हणून तारेवरून एक मिलिमीटरपेक्षा बारीक पोकळ नळी, मायक्रोकॅथेटर, सोबत पुढे सरकवत न्यायची.

या तारा बनवणाऱ्यांत जपानची असाही इन्टेक ही कंपनी सगळ्यात नावाजलेली. मुळात ती बारीक पोलादी दोर वळणारी कंपनी! दोर वळता वळता माणसं हृदयात पोचली. उलट्या वाटेची कलाही जपान्यांनीच घडवली. ओसामु कातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ च्या सुमारास ती पद्धत नीट मांडली. दोन्ही बाजूंनी तारा समोरासमोर आणायच्या, आणि त्या वाहिनीच्या भिंतीच्या थरांत एकमेकींना चुकत असतील तर तिथे छोटा फुगा फुगवून दोघींसाठी एक सामाईक जागा करायची. पलीकडून आलेली तार अलीकडच्या नळीत घुसली की काम फत्ते. मग सुमारे सव्वातीन मीटर लांबीची तार एका बाजूने आत घालायची आणि ती दुसरीकडून, चक्क शरीराबाहेर काढायची! मामांच्या मनगटातून शिरलेली तार हृदयाला वळसा घालून जांघेतून बाहेर आली. तिच्यावरून फुगे, मग स्टेंट. मी हे वाक्य लिहितानाही खुर्चीत नीट बसू शकत नाही आहे.

रेकॉर्डिंगमध्ये एक जागा मी परत परत लावायला सांगितली. तार मधल्या पडद्यातून चालली आहे, एका वळणाशी टोक अडतं, ईसीजीवर दोन-चार वेडेवाकडे ठोके उमटतात, डॉक्टर थांबतात. मागे घेतात. मायक्रोकॅथेटरच्या टोकातून थेंबभर डाय सोडून बघतात. मग दुसरी, तिच्याहून बारीक दिसणारी वाट धरतात, आणि तार ठोक्याच्या लयीवर, हृदय सैल पडतं तेवढ्यात पुढे, असं करत अचानक सुळकन पलीकडे! तीन तासांहून जास्त चाललेल्या त्या कामात मामा जागे होते. मध्ये एकदा त्यांनी विचारलं म्हणे, "साहेब, अजून किती? दुकानाला पोरगं एकटं आहे."

या सगळ्याची सुरुवात कुणी केली म्हणून मी शोधायला बसले आणि ती रात्र गेलीच. १९२९, जर्मनीतलं एबर्सवाल्डे गाव. व्हेर्नर फोर्समान नावाचा पंचविशीतला डॉक्टर. हृदयापर्यंत नळी नेता येईल म्हणाला, तर वरिष्ठांनी मनाई केली. गेर्डा डित्सेन या नर्सबाई म्हणाल्या, माझ्यावर करा. त्याने त्यांना टेबलाला बांधलं आणि त्यांना कळायच्या आत स्वतःच्याच हाताच्या शिरेत ६५ सेंटिमीटर नळी सरकवली, मग तशा अवस्थेत चालत एक्स-रे खोलीत जाऊन फोटो काढून घेतला. त्याला शाबासकी नाही, बोलणीच मिळाली. नोबेल मिळालं १९५६ मध्ये. मग १९५८, अमेरिकेतलं क्लीव्हलँड. मेसन सोन्स यांची नळी अपघाताने उजव्या हृदयवाहिनीत घसरली आणि भरपूर डाय आत गेली. पेशंटचं हृदय थबकलं. सोन्स ओरडले, खोका! पेशंट खोकला, हृदय सुरू झालं, आणि जगाला अँजिओग्राफी मिळाली. आणि आंद्रेआस ग्रुन्टझिग! झुरिकमध्ये स्वयंपाकघरातल्या टेबलावर फुगे चिकटवत बसायचा. १६ सप्टेंबर १९७७ ला त्याने ३८ वर्षांच्या एका जागत्या माणसाच्या हृदयवाहिनीत फुगा फुगवला. दहा वर्षांनी पुन्हा बघितलं तेव्हा ती जागा उघडीच होती. ते बघायला ग्रुन्टझिग मात्र नव्हता, १९८५ मध्ये विमान अपघातात गेला. पहिला स्टेंट १९८६ चा, फ्रान्समधल्या तुलूझचा, आणि त्याच वर्षी मद्रासला डॉ. मॅथ्यू सॅम्युअल कलारिक्कल यांनी भारतात अँजिओप्लास्टी सुरू केली. आपल्याकडे घराघरांत हा शब्द पोचला तो बहुधा जुलै २०१२ मध्ये, उद्धव ठाकरे लीलावतीत गेले आणि राज ठाकरे गाडी चालवत त्यांना मातोश्रीवर सोडायला आले तेव्हा. माझ्या आईने त्या दिवशी टीव्हीसमोरून हलायचं नाव घेतलं नव्हतं. वाहिनीचं तिला घेणंदेणं नव्हतं, भावाभावांचं होतं.

मामांच्या टोपीत कॅल्शियम फार नव्हतं. असतं तर आणखी दोन हत्यारं होती, आणि न वापरता ती राहिली याचं मला किंचित वाईट वाटलं, हे मामींना सांगू नका. एक रोटाब्लेटर. हिऱ्याची कच बसवलेलं अगदी छोटं बोंड मिनिटाला दीड लाखाच्या आसपास फेरे घेतं आणि टणक भाग खरवडतं. लवचीक भिंत बाजूला सरते, कडक कॅल्शियम सरत नाही म्हणून तेवढंच झिजतं, आणि निघणारी पूड रक्तपेशीपेक्षा बारीक असल्याने वाहून जाते. दुसरं हत्यार तर मुतखडा फोडणाऱ्या यंत्राचं भावंड. फुग्याच्या आत ठिणगी पाडतात, द्रवातून दाबाच्या लाटा निघतात, आणि भिंतीतलं कॅल्शियम आतल्या आत तडकतं. अमेरिकेत हृदयवाहिन्यांसाठी त्याला २०२१ मध्ये परवानगी मिळाली.

आता थोडं थंड पाणी, कारण डॉक्टरांनी ते माझ्या डोक्यावर ओतलं होतं. मी विचारलं, आता मामांचं आयुष्य वाढलं ना? ते म्हणाले, "ते मी सांगणार नाही. त्यांचा चढ सोपा होईल, हे सांगतो." जुन्या बंद वाहिन्या उघडल्याने त्रास कमी होतो आणि जगणं सुसह्य होतं, हे २०१८ च्या युरो-सीटीओ अभ्यासात दिसलं. मृत्यू किंवा हार्ट अटॅक टळतात असं मात्र कोरियातल्या डॉक्टरांनी पुढाकार घेतलेल्या डिसिजन-सीटीओ या २०१९ च्या अभ्यासात दिसलं नाही. शिवाय जोखीम आहेच. तारेने वाहिनीला भोक पडू शकतं, हृदयाभोवती रक्त साठू शकतं, डायचा भार मूत्रपिंडांवर येतो, एक्स-रेचा डोस वाढत जातो. म्हणून कुठे थांबायचं हे आधीच ठरवून आत जातात. तरबेज हातांत दहापैकी साडेआठ-नऊ वेळा यश येतं, उरलेल्यांना नमस्कार करून बाहेर यायचं. त्रास नसलेल्या माणसाने केवळ 'शंभर टक्के' या आकड्याला घाबरून टेबलावर चढू नये, असं माझं मत झालं आहे, आणि मी ते कुणी न विचारता सांगते.

बरं वाटणं हा मनाचा खेळ तर नाही ना, ही शंकासुद्धा लोकांनी कशी तपासली बघा. २०२३ चा ऑर्बिटा-२ हा ब्रिटनमधला अभ्यास. ३०१ पेशंट. त्यांच्या वाहिन्या पूर्ण बंद नव्हत्या, पण छातीत दुखायचं. सगळ्यांना कॅथलॅबमध्ये, म्हणजे अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत नेलं, गुंगी दिली, कानांवर हेडफोन लावले. निम्म्यांना स्टेंट घातला, निम्म्यांना नुसतंच टेबलावर ठेवून बाहेर आणलं, आणि कुणाला काय केलं ते पेशंटला सांगितलं नाही. ज्यांना खरा स्टेंट होता त्यांचं दुखणं खरंच जास्त कमी झालं. दहावीच्या वर्गात नियंत्रित प्रयोग शिकवायला मला आयुष्यभराचं उदाहरण मिळालं.

स्टाफरूममध्ये एका सरांनी मला टोकलं, "मॅडम, हे शहरी रोग. आपल्याकडे पोरांना खायला नाही." त्यांचंही चुकीचं नाही. जव्हारचं नाव राज्याच्या कानावर पडलं ते नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीच्या वावर-वांगणीतल्या बालमृत्यूंनी. पण मी त्यांना तिथेच धरलं. इंग्लंडमध्ये डेव्हिड बार्कर यांनी १९८९ मध्ये दाखवलं की जन्मतः कमी वजनाची बाळं मोठेपणी हृदयविकाराने जास्त मरतात. आपल्याकडे पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत गरोदर आयांचा अभ्यास केला, आणि त्यात दिसलं की आपली बाळं दिसायला रोड, पण अंगात चरबीचं प्रमाण जास्त, पुढे मधुमेहाकडे झुकणारी. म्हणजे कुपोषण आणि हृदयविकार हे दोन वेगळ्या गावचे पाहुणे नाहीत, एकाच घरातले आहेत! सर गप्प बसले. चहा आला म्हणूनही असेल.

मला सगळ्यात जास्त छळतं ते अंतर. मामांची वाहिनी सावकाश बंद झाली म्हणून आम्हाला तारीख ठरवता आली, गाडी ठरवता आली, मामींनी डबा केला. उघडी असलेली वाहिनी गुठळीने एकदम बंद पडली, म्हणजे खरा हार्ट अटॅक आला, तर आडवाटा तयार व्हायला वेळच नसतो आणि मिनिटामिनिटाला स्नायू मरतो. तेव्हा दोन तासांच्या आत फुगा फुगवता येईल अशा ठिकाणी पोचणार असू तर थेट अँजिओप्लास्टी, नाहीतर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन आधी, जवळ मिळेल तिथे, आणि मग ३ ते २४ तासांत कॅथलॅब. जव्हारहून नाशिक ऐंशी किलोमीटरच्या आसपास, घाटाचा रस्ता, आणि त्याआधी पाड्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत झोळीतून यायचं. आमच्यासारख्यांच्या बाबतीत ते इंजेक्शन म्हणजे निम्मी लढाई. तमिळनाडूने २०१२ ते २०१४ मध्ये अशी जाळी बांधून बघितली. लहान रुग्णालयात ईसीजी काढायचा, तो मोठ्या रुग्णालयातल्या डॉक्टरांनी लगेच वाचायचा, इंजेक्शन द्यायचं आणि रुग्णवाहिकेने पुढे पाठवायचं. वर्षाच्या आत दगावणाऱ्यांचं प्रमाण घटलं.

अंतरावरचा एक भन्नाट तोडगा आमच्या शेजारच्या गुजरातमध्येच झाला आहे. ५ डिसेंबर २०१८. डॉ. तेजस पटेल गांधीनगरच्या अक्षरधाम मंदिरात बसले होते आणि पेशंट होता ३२ किलोमीटरवर अहमदाबादच्या कॅथलॅबमध्ये. डॉक्टरांनी दांडी हलवली, तिकडे रोबोने तार सरकवली आणि स्टेंट बसवला. हे साधे ब्लॉक होते, सीटीओ नव्हे, आणि नळी आत घालायला पेशंटजवळ माणसं होतीच. पण मी आपली मनात मोखाड्याच्या ग्रामीण रुग्णालयात रोबो बसवून मोकळी झाले. त्याला अखंड वीज लागेल, हे नवऱ्याने लगेच लक्षात आणून दिलं.

पैशांचं एकदाच आणि थोडक्यात. औषध लावलेला स्टेंट पूर्वी लाखाच्या पुढे जायचा, फेब्रुवारी २०१७ मध्ये केंद्राने त्याची कमाल किंमत २९,६०० रुपये ठरवली, पुढे ती वेळोवेळी बदलत गेली. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत अँजिओप्लास्टी बसते. पण अवघड कामातल्या खास तारा आणि मायक्रोकॅथेटर यांचा खर्च वेगळा येऊ शकतो, तेव्हा रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात त्यांना आधी गाठायचं आणि काय बसतं, काय नाही ते स्पष्ट विचारायचं. लाजायचं नाही.

मामा आता चढ चढतात. न थांबता. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन गोळ्या चालू आहेत आणि त्या स्वतःच्या मनाने बंद करायच्या नाहीत, हे त्यांना मामींसमोर बजावलेलं आहे. तंबाखू सोडली. दुकानात मात्र विकतात. मी एका मोठ्या कागदावर ठळक अक्षरांत लिहून दिलं आहे. छातीत दडपण, घाम, हात भरून येणं, काही मिनिटांत ओसरलं नाही तर ओवा-सोडा करत बसू नका, १०८ ला फोन लावा, ग्रामीण रुग्णालयात जाऊन ईसीजी काढा. खाली हृदयाचं चित्र, या वेळी उजव्या-डाव्या वाहिन्यांसकट. मामांनी तो कागद कौतुकाने गल्ल्याच्या मागे चिकटवला. परवा गेले तर चित्र अर्धं झाकलेलं, वरून तंबाखूच्या पुड्यांची माळ सोडलेली.

"मामा, ही काढा इथून."

"अगं, सगळ्यांची नजर तिथेच जाते. म्हणून तर टांगली."

मी माळ काढून तांदळाच्या पोत्यावर ठेवली. मामांनी ती उचलली, दोन खिळे सोडून तिसऱ्याला अडकवली, आणि समोरच्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "आधी ते वाच. मग तुला काय पाहिजे ते बोल."